डावीकडची सीट

नेव्हिल कॅटरमोलचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही. हवामान खात्यावर नाही, डॉक्टरवर नाही, दुसऱ्याने केलेल्या चहावर तर मुळीच नाही. चाळीस वर्षं त्याने खिंडीच्या रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवला आणि पावसात कोसळलेल्या दरडी उपसल्या. दरड सांगून येत नाही, हे तो त्या नोकरीत शिकला. पुढे तोच न्याय त्याने माणसांनाही लावला.

दर वसंतात, म्हणजे तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो आपली जुनी कॅम्परव्हॅन काढायचा, खिंड ओलांडायचा आणि पश्चिम किनाऱ्यावर व्हाइटबेट धरायला जायचा. हे काडीएवढे, काचेसारखे मासे समुद्रातून नदीत चढताना जाळीत घ्यायचे आणि अंड्यात घालून तव्यावर टाकायचे. त्या किनाऱ्यावर माणूस एकवेळ बायकोचं वय सांगेल, पण आपली मासे धरायची जागा सांगणार नाही. किती मिळाले विचारलं, तर भरलेल्या बादलीवर टॉवेल टाकून ‘मांजरापुरते’ म्हणतात. नेव्हिल या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. त्याची जागा ठाऊक होती फक्त त्याच्या बायकोला, मोइराला, आणि ती दोन वर्षांपूर्वी गेली. त्या नदीचं नाव इथेही मुद्दामच लिहिलेलं नाही.

या वर्षी मुलगी जनीन म्हणाली, मीही येते. तेव्हाच नेव्हिलच्या मनात पाल चुकचुकली. पंचेचाळीस वर्षांची बाई, ओल्या गवतात पाऊल टाकायचं म्हटलं तरी नाक मुरडणारी, आणि ही ऑक्टोबरच्या पावसात आठवडाभर व्हॅनमध्ये झोपायला तयार होते? नेव्हिलला पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. त्या वयाला लायसन्स नव्याने काढावं लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो, आणि घरच्या कुणी डॉक्टरच्या कानात दोन शब्द घातले की कारभार आटोपला. लायसन्स गेलं की व्हॅन गेली, व्हॅन गेली की नदी गेली. मग उरणार काय, तर मुलाच्या, म्हणजे क्रेगच्या घरामागची खोली आणि तिच्या खिडकीतून दिसणारी कपडे वाळत घालायची दोरी.

निघाल्यापासून जनीनच्या मांडीवर एक निळी वही होती. खिंडीत धुकं उतरलं होतं, वायपर कुरकुरत होते, धबधब्यांचं पाणी थेट रस्त्यावर येत होतं. मागच्या फळीवरचा कपसुद्धा हलू नये अशी नेव्हिल वळणं घेत होता. तरी ती मधूनच काहीतरी खरडायची आणि वही मिटायची. काय लिहितेस विचारलं तर म्हणे ‘असंच’. असंच कुणी काही लिहीत नसतं, हे नेव्हिलला पक्कं माहीत होतं.

किनाऱ्याला लागल्यावर त्याने तिला भलत्याच नदीवर नेलं. तिथे मासा मिळत नाही हे त्याला तीस वर्षांपासून ठाऊक. दोन तास दोघं पावसात जाळी धरून उभी राहिली. जनीनच्या बुटांत पाणी शिरलं, पण तिने चकार शब्द काढला नाही. तेही त्याला खटकलंच. संध्याकाळी कॅम्पवर भांडी घासायच्या शेडमागून येताना ती फोनवर बोलत असलेली त्याला ऐकू आली.

"बघतेय ना मी, क्रेग. सगळं लिहून ठेवतेय. आत्ताच काही सांगत नाही."

त्या रात्री नेव्हिल व्हॅनची किल्ली उशीखाली घेऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी पाऊस आणखी वाढला. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, आणि मधे एकामागून एक पूल. तिकडचे पूल एका गाडीपुरतेच. अलीकडे पाटी असते. तिच्यावर आपल्या बाजूचा बाण लाल असला की आपण थांबायचं आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. मोइरा डावीकडच्या सीटवर बसून प्रत्येक पाटी मोठ्याने सांगायची. ‘थांब.’ ‘जा.’ नेव्हिल वैतागायचा, मला डोळे आहेत म्हणायचा. ती तरी सांगायचीच.

चौथ्या पुलाअलीकडे जनीनने पुन्हा वही उघडली. आता बघायचंच काय लिहिते ते, म्हणून नेव्हिलने मान जराशी वळवली. ‘वेग’ आणि ‘सिग्नल’ एवढे दोन शब्द दिसले. पाटी दिसली नाही. त्याने समोर पाहिलं तेव्हा व्हॅन पुलावर होती आणि पलीकडून दुधाचा टँकर येत होता. दोघांनीही करकचून ब्रेक मारले. मधे एखाद्या माणसाला आडवं झोपता येईल एवढीच जागा उरली. टँकरवाल्याने काच खाली केली.

"काय आजोबा, सहलीला निघालात की कायमचे?"

नेव्हिलने व्हॅन पुलावरून उलटी काढली, सरळ रेषेत, कठड्याला न घासता. ते अजून त्याला झकास जमत होतं. जनीन मात्र समोरच्या टँकरकडे बघत होती. पुढे मैलभर गेल्यावर तिने वहीत एक ओळ लिहिली. झालं, नेव्हिल मनात म्हणाला, चाळीस वर्षांवर एका ओळीत पाणी फिरलं.

दुपारी कॅम्पवर ती आंघोळीला गेली तेव्हा त्याने वही उघडली. त्याला लाज वगैरे वाटली नाही. आपल्याविरुद्धचा कागद आपण वाचायला कसली लाज. ‘वळणं छान घेतो, माझ्यापेक्षा चांगली. वेग बरोबर. सिग्नल द्यायला दोनदा विसरला. मुद्दाम चुकीच्या नदीवर नेलं. मला कळलंय हे त्याला सांगायचं नाही.’ इथे त्याला हसू आलं. मग शेवटची ओळ. ‘एकेरी पूल, लाल बाण. डॅड थांबला.’

त्याने ती ओळ तीनदा वाचली. ज्या पुलावर पोरीचा जीव जाता जाता राहिला, त्या पुलाबद्दल पोरीने धडधडीत खोटं लिहिलं होतं, त्याच्यासाठी. लोक आपल्याविरुद्ध खोटं बोलतील म्हणून तो जन्मभर सावध राहिला होता. हे मात्र त्याच्या हिशेबातच नव्हतं. त्याला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

ती ओळ तशीच राहू दिली असती तर लायसन्स त्याचंच होतं. त्याने पेन्सिल शोधली, ‘थांबला’ शब्दावर काट मारली आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘थांबलो नाही.’

सकाळी जनीन व्हॅनच्या पुढच्या दाराशी आली तेव्हा तो डावीकडच्या सीटवर पट्टा लावून बसला होता. चालकाच्या सीटवर वही उघडी होती आणि वहीवर किल्ली. तिने ते पान वाचलं.

"डॅड, मी क्रेगला काही..."

"क्लच जरा वर लागतो. घाई करू नकोस."

ती वळणं भयंकर घेत होती. मागे कप पडून फुटला, तरी नेव्हिल गप्प राहिला. त्याच्या मानाने ही मोठीच गोष्ट. दोन मैलांवर पूल आला.

"थांब," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"मलाही दिसायचं. तुझी आई तरी सांगायची."

जनीन थांबली. समोरची गाडी सावकाश पूल ओलांडून गेली. जाताना चालकाने आभार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, जनीननेही उचललं. मग तिने विचारलं, आता कुठे जायचं. नेव्हिलने मागे वळून सबंध रस्ता न्याहाळला. पावसाखेरीज कुणी नव्हतं.

"पूल संपला की उजवीकडे, मोडक्या फाटकातून आत. आधी दिवे बंद कर. आणि आपल्या मागे कुणी येतंय का, बघत राहा."