नेट फक्त सुनेचंच जायचं

ते प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणाच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. घरच्या कॉम्प्युटरचं इंटरनेट सारखं बंद पडतं, एवढाच अर्ज. आमच्या उमेदीच्या काळात असा अर्ज ठाणे अंमलदारानं दारातूनच वाटेला लावला असता. पण माझी निवृत्ती जवळ आली होती, हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो, आणि जमाना सायबरचा आला होता.

सायबर म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं. लपवायचं कशाला? जिल्ह्याच्या सायबर सेलला एक तरुण उपनिरीक्षक होता. परिविक्षाधीन म्हणून तो माझ्याच ठाण्यात आला, तेव्हा त्याला धड पंचनामा लिहिता येत नव्हता. साक्षीदाराला कधी बोलू द्यायचं आणि कधी थांबवायचं, हेसुद्धा मीच शिकवलं. काही वर्षांत गडी मोठा झाला. वरिष्ठांच्या बैठकीत त्याचं नाव, पेपरात त्याचा फोटो. त्यातून कायदा असा, की आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्याच अधिकाऱ्यानं करायचा. म्हणजे कागदावर सही माझी आणि पेपरात फोटो त्याचा. आयत्या बिळावर नागोबा! मी जळायचो, आणि चांगलाच जळायचो.

अर्ज घेऊन आली ती डोंगरकडा गावाच्या बाजूच्या एका खेड्यातली सून. सोबत नवरा होता. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरून करायची. गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन तिच्या कॉम्प्युटरवर यायचे आणि कानाला हेडफोन लावून ती उत्तरं द्यायची. दिवाळीच्या थोडं आधीपासून ऐन कामाच्या वेळी तिचं कनेक्शन तुटायला लागलं होतं.

"साहेब, येत्या सोमवारी कंपनीवाले माझं काम ऐकणार हायेत," ती म्हणाली. "तवा लाइन तुटली की नोकरी गेली, असं त्यांनी साफ सांगितलंय. तुमाला वाटंल, घरबसल्या नोकरी ती काय! पण ती गेली तर त्या घरात मी नुसती भाकरी थापायपुरती उरन."

नवऱ्यानं पूर्वी गावात कॉम्प्युटर क्लास चालवला होता. पोरांच्या हातात मोबाइल आले आणि क्लास बंद पडला. बायकोला कॉम्प्युटर शिकवला तो यानंच. तो म्हणाला, "वायर बदलली, राऊटर बदलला, फरक न्हाई. दर टायमाला मीच खटपट करून चालू करून देतो. हे हॅकिंग हाये साहेब. भिंतीला भिंत लागून मोबाइल दुरुस्तीवाला राहतो. त्याला आमच्या वायफायचा पासवर्ड ठाऊक हाये. आमचा क्लास बुडाला अन् त्याचं दुकान जोरात चालून राहिलंय."

"भाई तसा माणूस न्हाई," बायको चटकन बोलली. नवऱ्यानं तिच्याकडं असं पाहिलं, की मी अर्ज वाचायचा सोडून त्याचंच तोंड बघत बसलो.

मोबाइलवाल्याला बोलावणं धाडलं. दुकान अर्धवट उघडं टाकून तो घामाघूम होऊन आला.

"साहेब, आमचे आजोबा अन् त्यांचे आजोबा एकमेकांच्या बैलजोडीवर पेरणी करायचे. मी काहून असं करीन?"

"ठाण्यात येणारा प्रत्येक जण आजोबांपासून सुरुवात करतो," मी म्हणालो. "पुढं बोल."

तो जरा दबला, पण गप्प बसला नाही. "बराबर हाये साहेब. पण एक बघा. त्यांची आई दिवसभर फोनवर कीर्तन लावून बसती, त्याच वायफायवर. भिंतीतून मला सारं ऐकू येतं. भाभीचं नेट जातं तवा मावशीचं कीर्तन एकदा बी थांबलं न्हाई. कुणी लाइनच तोडली असती, तर दोघींचं गेलं असतं ना?"

हे खरं होतं. गावचा रस्ता खचला तर सगळ्यांच्याच गाड्या अडकतात. एकट्याचीच गाडी अडत असेल, तर तिथं रस्त्याचा दोष नसतो, कोणीतरी उभं असतं. खबर द्यायला संशयितच यावा, हे पोलिसात नवं नाही. मी त्याला चहा पाजला आणि घरी लावून दिला.

रविवारी आम्ही त्या घरी गेलो. आम्ही म्हणजे मी आणि सायबरचा तो हिरो. सासूबाईंनी एकुलती एक चांगली खुर्ची त्याला दिली. चहाही पहिला त्याला. "घ्या इंजिनेर साहेब!" माझ्या खांद्यावर तीन स्टार आणि मी बसलो बाजेवर. माझा कप आला तोवर त्यातला चहा निवाला होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पोरगं मात्र कामात पक्कं होतं, एवढं म्हणायलाच हवं. त्यानं आधी राऊटरचे दिवे पाहिले. मग कॉम्प्युटरवर एक-दोन वेबसाइट उघडल्या, त्या झटकन उघडल्या. कंपनीचा प्रोग्राम लावला, तो मात्र नुसता फिरत राहिला.

"सर, नेट चालू आहे," तो म्हणाला. "फायरवॉलनं अडवलंय. फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरचा पहारा. कोणाला सोडायचं, कोणाला नाही, त्याचे नियम असतात. इथं कोणीतरी नियम टाकलाय, की हा एकच प्रोग्राम बाहेर जाऊ द्यायचा नाही. बाकी सगळं मोकळं."

"म्हणजे नाकाबंदी, आणि तीही एकाच गाडीसाठी," मी म्हणालो.

"तसंच सर." नियम कधी टाकला त्याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो म्हणे. त्यानं ती काढली आणि तारीख वाचली. "वायफायचा पासवर्ड गल्लीभर माहीत आहे. तिकडून कोणीतरी आत शिरला असणार. शेजाऱ्याचा लॅपटॉप जप्त करून तपासू."

"मी तरी दुसरं काय म्हणून राहिलो होतो!" नवरा उसळून बोलला. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते असं.

मी त्या तारखेपाशीच अडलो होतो. त्या दिवशी आमच्या ठाण्यात शस्त्रपूजा झाली होती. रायफली पुसून, हार घालून मांडल्या होत्या. खंडेनवमी! मी उठून राऊटर हातात घेतला. त्याच्या पांढऱ्या अंगावर हळदी-कुंकवाचं बोट वाळून बसलं होतं. कॉम्प्युटरच्या डब्यावरही तसंच.

"आई, नवमीला याची पूजा केली होती का?" मी सासूबाईंना विचारलं.

"व्हय तर! इळा, खुरपं, हिचा कॉम्प्युटर, ते लुकलुकणारं डबडं, समद्याची. बटनं बंद केली अन् वर फुलं वाहिली. हत्याराला एक दिस इसावा नको का?"

"अन् हे डबडं परत कधी चालू केलं?"

"दसऱ्याच्या सकाळी. म्याच केलं. कीर्तनाबिगर आदला दिस कसा काढला ते माझं मला ठाऊक!"

"नवमीच्या दिवशी घरात कोण होतं?"

"दुपारून आमी दोघी देवीला गेलतो. ह्यो घरीच व्हता. डोकं दुखून राहिलं म्हणला."

राऊटर दिवसभर बंद. मग बाहेरचा माणूस आत शिरला कुठून? नियम टाकणारा हात थेट त्या कीबोर्डवर पडला होता. त्यानं दिवस हेरून निवडला होता, कारण खंडेनवमीला हत्याराजवळ कोणी फिरकत नाही. आईनं डबडंही बंद करून ठेवलंय, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. माझा उपनिरीक्षक कॉम्प्युटरकडं बघायचा सोडून माझ्याकडं बघायला लागला. काळजाला काय गारवा वाटला म्हणून सांगू!

नवऱ्याला मी परसात घेऊन गेलो. आवाज चढवला नाही. काही माणसं दमदाटीनं फुटतात, काही दुखऱ्या जागी बोट ठेवलं की बोलतात. त्याची दुखरी जागा मला सापडली होती, कारण तसलंच दुखणं माझ्याही पोटात होतं.

"आत बसलाय ना, त्याला पंचनामा लिहायला मी शिकवलं," मी म्हणालो. "आज तुझ्या आईनं चहा पहिला कोणाला दिला?"

त्यानं दारातून आतल्या खुर्चीकडं पाहिलं.

"शिकवायचं आपण, आणि मग आपल्याला विचारत नाही कुत्रं. जीव जळतो की नाही?"

तेवढं पुरलं.

"साहेब, माऊस कसा धरायचा हे बी तिला ठाऊक नव्हतं. घडीघडी हाक मारायची. अहो, हे बघा ना. अहो, ते कुठं गेलं. आता कानाला हेडफोन लावती अन् त्या टीम लीडरला दिवसभर सर सर करती. मला एक हाक न्हाई! नेट गेलं की तेवढं 'अहो' म्हणून पळत यायची. मी नियम बंद करायचो, नेट यायचं, तिला हायसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी परत चालू करायचो. तिची नोकरी घालवायची नव्हती मला, देवाशपथ."

"कंपनीनं तंबी दिल्यावर तरी थांबायचंस."

"थांबलो असतो तर हाक बी थांबली असती साहेब."

हे सगळं मी त्याला आत नेऊन बायकोसमोर सांगायला लावलं. सासूबाई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. सून रडली नाही, ओरडली नाही. गुन्हा दाखल करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा, असं मी तिला सांगितलं.

"न्हाई करायचा," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "पहिले भाईच्या घरी जा अन् पाया पडून माफी मागून या."

तो गेला. ती खुर्चीवर बसली, तो नियम शोधून तिनं काढून टाकला आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलायला घेतला. आमचा हिरो मदतीला वाकला, तर म्हणाली, "राहू द्या. मला येतं. यांनीच शिकवलंय."

नवरा परत आला तेव्हा तिचं काम उरकत आलं होतं. दारातूनच त्यानं विचारलं, "पासवर्ड काय ठेवला? उद्या काई अडलं तर?"

"मी बघन," ती म्हणाली. मान वर केली नाही.

हातात बेडी पडताना मी पुष्कळ चेहरे पाहिले. त्या वेळचा त्याचा चेहरा मला त्या सगळ्यांहून वाईट वाटला.

सोमवार नीट पार पडला, तिची नोकरी टिकली. तिचा जबाब लावून मी अर्ज निकाली काढला. पुढच्या बैठकीत शाबासकी सायबर सेलला मिळाली, हे वेगळं सांगायला नकोच. मी टाळ्या वाजवल्या, पण आतून कढत होतो.

परक्याचा हेवा माणूस चार शिव्या घालून विसरतो. आपण बोट धरून चालवलेलं माणूस पुढं निघून गेलं, की जे पोटात उठतं ते सहजी निवत नाही, आणि भला माणूसही त्यापायी घरातल्याच माणसाची वाट अडवून बसतो, हे मी या प्रकरणात शिकलो. तेव्हापासून कोणी म्हणालं, घरात अमुक एक वस्तू सारखी बिघडते, तर मी आधी विचारतो, दुरुस्त कोण करतं?

निवृत्तीनंतर एकदा औंढ्याला गेलो असताना चहाच्या टपरीवर तो भेटला. बायको आता कंपनीच्या नव्या मुलींना शिकवते, असं त्यानंच सांगितलं.

"नेट जातं का अजून?" मी विचारलं.

"जातं की. इकडं कुणाचं जात न्हाई?"

"मग?"

"तिचं ती बघती." त्यानं कप खाली ठेवला. "मी दाराशीच बसलेला असतो, कधी हाक मारली तर जावं म्हणून. अजून मारली न्हाई."