दाताखालचा दाणा

स्टुलावर बसवलेला तो म्हातारा माझा बाप होता. त्या अख्ख्या मॉलात हे दोघांनाच माहीत होतं. त्यांना आणि मला.

लोखंडी स्टूल, बाहेर जायच्या दारापाशी, सिक्युरिटीच्या टेबलाला लागून. तिथं ज्याला बसवतात त्याला बिल करून निघालेला प्रत्येकजण बघतो. बघावं म्हणूनच ते तिथं ठेवलंय. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, लग्नाकार्याला काढतात तो. पिशवी गार्डनं काढून घेतलेली. दोन्ही हात मांडीवर, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

गुन्हा काय? सुट्या धान्याच्या विभागात त्यांनी कोलमच्या डब्याचं झाकण उचललं, आत हात घातला, एक दाणा काढून दाताखाली धरला. बस्स. एवढाच.

"चोरी करता है? खाने को आया है इधर?" गार्ड ओरडला होता.

मग मॅनेजर आले. वयानं माझ्याहून लहानच. चपलांपासून सुरुवात करून त्यांनी आबांना वरपर्यंत बघितलं. म्हणाले, "ह्या लोकांना सेन्सच नसतो. फुकट दिसलं की तोंडात."

ह्या लोकांना. हे दोन शब्द मी शाळेपासून ओळखते. माणसं बदलतात, शब्द तेच असतात.

गार्डनं विचारलं, "साथ में कौन है?"

आबांनी मान वर केली. मी समोरच होते. कस्टमर केअरच्या काउंटरवर, लाल टी-शर्टात, माइकपाशी. मधे फक्त ट्रॉल्यांची रांग. त्यांनी मला पाहिलं. पुन्हा मान खाली घातली आणि म्हणाले, "कोणी नाही. एकटाच आलोय."

त्यांनी मला वाचवलं. आणि मी वाचले.

मॅनेजर माझ्याकडं वळले. "अनाउन्समेंट कर. आत्ताच्या आत्ता." काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. मी बटण दाबलं.

"ग्राहकांना सूचना. सुटे धान्य हाताळू नये, तोंडात टाकू नये. असे करणाऱ्यावर चोरीची कारवाई केली जाईल. सहकार्याबद्दल धन्यवाद."

मराठीत म्हटलं, मग हिंदीत म्हटलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. तेच मला आजही सलतं. निदान कापायला तरी हवा होता.

आबा लहान असताना गावाकडं दुकानात जायचे तेव्हा त्यांना ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. आमची वस्ती गावाबाहेरची. आजी खाली उभी राहून पदर पसरायची आणि दुकानदार वरून ज्वारी ओतायचा. पदराला भांडं लागू नये म्हणून उंचावरून. अर्धी ज्वारी मातीत जायची. आबा ती एकेक वेचायचे. वरचा माणूस वेचताना बघत बसायचा. पोत्यात हात घालून ज्वारी कशी आहे ते पाहणं हा गावातल्या बाकी लोकांचा मान होता. आमच्या वाट्याला मातीतली.

आबा पुढं अंबरनाथला आले, कारखान्यात लागले. कारखाना बंद पडला तेव्हा बुवापाड्यातल्या आमच्या पुढच्या खोलीची भिंत फोडून त्यांनी शटर बसवलं. किराणा दुकान. सुरुवातीला पलीकडच्या चाळीतली काही माणसं यायची नाहीत. ह्यांच्या हातचं धान्य कसं घ्यायचं, हा प्रश्न. तोंडावर कोणी म्हणत नव्हतं. नुसतं पुढं निघून जायचे.

आबांनी काय केलं? तांदळाच्या गोण्या दुकानाच्या अगदी पुढं, रस्त्याला लागून मांडल्या. तोंडं पूर्ण उघडी. आणि जो थांबेल त्याला म्हणायचे, "हात घाला. दाताखाली धरून बघा. पटलं तर घ्या." जुना तांदूळ दाताखाली कट्कन तुटतो, नवा चिवट लागतो आणि त्याचा भात गिचका होतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. लोक थांबायला लागले. हात घालायला लागले. दाणा चावत दोन शब्द बोलायला लागले. ज्या बायका आमच्या दारातलं पाणी प्यायल्या नसत्या त्या आमच्या गोणीतला दाणा तोंडात टाकू लागल्या. आबा त्याकडं असे बघायचे की जणू काही त्यांचाच सत्कार चाललाय. "आपल्या गोणीला झाकण नाही," असं ते सारखं म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, ह्यात एवढं काय सांगण्यासारखं?

मग बदलापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद कंपनीच्या आवारात, तो मॉल उघडला. कापडचोपड, भांडी, किराणा, सगळं एका छपराखाली. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या ज्या शेठकडून आबा माल आणायचे ते हात वर करून म्हणाले, "भाऊ, जिस भाव में वो लोग बेचता है ना, उस भाव में मेरे को खुद को नहीं मिलता."

आणि मी तिथंच नोकरीला लागले. घरात पैसा हवा होता हे खरं. पण एसी, लाल टी-शर्ट आणि गळ्यातलं ओळखपत्रही मला हवं होतं, हेही तितकंच खरं. माझे उच्चार चांगले म्हणून मला माइक दिला. मॅनेजर म्हणाले होते, "तुझं बोलणं एकदम साफ आहे. ऐकून कोणी म्हणणार नाही बुवापाड्याची आहेस." मला केवढा आनंद झाला होता! घरी येऊन आईला सांगितलं. आबा तिथंच होते. ते उठून दुकानात गेले.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. मी गल्लीभर ऑफर सांगत फिरले. तेल किती स्वस्त, साखरेवर काय फुकट, कुठल्या वारी यायचं. बायका शेअर रिक्षा करून यायला लागल्या. "तुझ्यासाठीच येतो गं," म्हणायच्या. भरलेल्या पिशव्या घेऊन परतताना आबांच्या दुकानासमोरून जायला त्यांनाच कसंतरी व्हायचं, म्हणून मागच्या बोळातून जायच्या. आबांकडं उरलं काय, तर काडेपेटी, मीठ, एखादं लिंबू. गोण्या एकेक करून कमी झाल्या. मी बघत होते. स्वतःच्या हातानं बापाचं गिऱ्हाईक उचलून नेत होते आणि वर त्यांनाच ऐकवत होते, "आबा, एकदा येऊन बघा तरी. ते लोक धंदा कसा करतात ते शिका."

म्हणून आले होते ते. शिकायला. इस्त्रीचा शर्ट घालून, पोरगी काम करते ती जागा बघायला.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा ते जेवत होते. आईला त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी समोर बसले. शेवटी हात धुता धुता ते म्हणाले, "आवाज छान आहे तुझा. स्पष्ट ऐकू येतो."

टोमणा असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते. पण ते खरंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. हो, गेले. त्याच स्टुलाशेजारून आत गेले आणि सकाळची ऑफर वाचून दाखवली. रोज ठरवायचे, आज राजीनामा. रोज पगाराची आठवण यायची. लाज वाटणं आणि पोट भरणं ही दोन्ही कामं माणूस एकाच वेळी करू शकतो, हे मी त्या दिवसांत शिकले.

मग सुट्टीच्या दिवशी दुकानात गेले आणि दारातच थबकले.

गोण्या नव्हत्या. त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे पारदर्शक डबे होते. प्रत्येकाला झाकण, प्रत्येक झाकणाला दोरीनं बांधलेला चमचा. हुबेहूब आमच्या मॉलसारखे. पलीकडच्या चाळीतली म्हातारी मावशी, जी आमची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, नेहमीच्या सवयीनं झाकण उचलून हात घालायला गेली. आणि आबा म्हणाले, "मावशी, हात नको."

मावशीनं हात मागं घेतला. चटका बसल्यासारखा. तिनं आबांकडं पाहिलं आणि काही न घेता निघून गेली.

गावच्या दुकानदारानं जे लहानपणी आबांच्या अंगावर ओतलं होतं, ते त्यांनी आयुष्यभर झटकून बाहेर ठेवलं होतं. आमच्या मॉलनं आणि माझ्या आवाजानं ते एका दुपारीत त्यांच्या आत घातलं. मॅनेजरनं त्यांना स्टुलावर बसवलं. पण गोणीला झाकण लावलं ते मी. त्या क्षणी मला ते लख्ख कळलं, आणि कळल्यावर पळायला जागा उरली नाही.

त्याच आठवड्यात मॉलात एक आजी सापडली. बदलापूरकडच्या कुठल्याशा गावातली, नाकात मोठी नथनी, काष्ट्याचं लुगडं. तिनंही तेच केलं होतं. गार्डनं दंडाला धरून आणलं, स्टुलावर बसवलं. ती घाबरली नव्हती, तिला नवल वाटत होतं. समोर मी दिसले म्हणून मलाच विचारू लागली, "दाना चावल्याबिगर तांदूल कसा घेवाचा गो?"

मॅनेजरनी लांबूनच बोट दाखवलं. माइककडं.

मी म्हणाले, "नाही करणार."

"व्हॉट?"

"नाही करणार म्हटलं."

मी काउंटरच्या बाहेर आले. धान्याच्या विभागात गेले. झाकण उचललं, हात कोपरापर्यंत आत घातला, मूठभर तांदूळ काढले. एक दाणा दाताखाली धरला. बाकीचे मुठीत तसेच घेऊन दारापाशी आले. आजीला म्हणाले, "उठा आजी. तुम्ही जा." आणि मी त्या स्टुलावर बसले.

"मीपण खाल्लाय," मी म्हणाले. "लावा चोरीची कारवाई. आणि त्या दिवशी इथं बसवलं होतं ते माझे वडील आहेत."

मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, "आर यू मॅड? नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. बसलेला माणूस डुगडुगतो. न डुगडुगता बसायचं तर दोन्ही पाय जमिनीत रोवावे लागतात आणि हात मांडीवर घट्ट धरावे लागतात. आबा तसे का बसले होते ते मला तिथं बसल्यावर कळलं. लोक बघत होते. बुवापाड्यातल्या दोघी पिशव्या घेऊन निघाल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि माना वळवल्या. मी एकेकाच्या डोळ्यात बघत होते. फार मोठं काही केलं असं वाटत नव्हतं. ज्या दिवशी बसायचं होतं त्या दिवशी बसले नव्हते, एवढंच डोक्यात होतं.

ओळखपत्र काढून घेतलं, टी-शर्ट परत मागितला. दुसऱ्या दिवशी धुऊन नेऊन दिला.

आता दुकानात मी बसते. आबांनी मला माफ केलं असं ते म्हणालेले नाहीत. मी मागितलेली नाही. माफी मागितली की ते लगेच देतील, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको.

पहिल्याच दिवशी मी ते डबे उचलून मागच्या खोलीत टाकले. एकच गोण भरण्याइतका तांदूळ होता. ती गोण पुढं मांडली, तोंड खालपर्यंत दुमडून उघडं केलं. आबा म्हणाले, "राहू दे गं. लोकांना आता तसंच लागतं. झाकणातलं."

"लागू दे," मी म्हणाले.

काल नवीन बिल्डिंगमधली एक बाई आली. गोणीकडं बघून नाक मुरडलं. "ह्याला झाकण नाही का? कोणीही हात घालत असेल."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी ज्या आवाजात माइकवर बोलायचे त्याच आवाजात, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "हो. कोणीही घालतं. तुम्हीही घाला."

ती गेली. जाऊ दे. आणखी जातील. मॉल तिथंच राहणार आहे, त्याचे भाव आम्हाला कधी परवडणार नाहीत, आणि हे शटर किती दिवस वर राहील ते मला माहीत नाही. पण ज्या दिवशी ते शेवटचं खाली ओढेन, त्या दिवशीसुद्धा आत एक गोण असेल आणि तिचं तोंड उघडं असेल.

झाकण मी एकदा लावलंय. पुन्हा लावणार नाही.