धुतलेला हात

नवापूरच्या मासेवाल्या मावशीचा कशावरच विश्वास नव्हता. वजनाच्या काट्यावर तर मुळीच नाही. मासळी ती वाटे लावून विकायची. "काटा खोटं बोलतो, नाक नाय बोलत," म्हणायची. गिऱ्हाइकाकडे अशी रोखून बघायची, की आपण काहीतरी लपवतोय असं त्यालाच वाटू लागे.

साठच्या दशकात मी साताऱ्याकडून तारापूरच्या वीजप्रकल्पावर कारकून म्हणून आलो आणि बोईसरला बिऱ्हाड केलं. खुर्चीतली नोकरी आणि बायकोच्या हातची चव, वर्षभरात मी चांगलाच गोल झालो. नोकरी कायम करण्याआधी डॉक्टरांनी तपासलं नि म्हणाले, "दोन महिन्यांत पोट उतरवा, मग सही करतो." सही नाही तर गावी परत, थोरल्या भावाची बोलणी खात.

मी पहाटे नवापूरच्या रस्त्याने चालू लागलो. अर्ध्या वाटेत मावशी भेटायची, मग तिच्याबरोबर बोईसरपर्यंत परत. तिचं ओझं डोक्यावर, माझं पोटावर. महिना झाला तरी पट्टा त्याच भोकात. मला संशय, बायको भाकरीला चोरून तूप लावते. बायकोला संशय, मी चालतच नाही. मावशीने मात्र एकदा भर रस्त्यात पाटी उतरवली, माझा उजवा हात धरला आणि बोटं हुंगली.

"भजी!"

"एकच प्लेट, मावशी. चालायचं म्हणजे भूक लागते."

"बोंबील दिसभर उन्हात सुकवायचा, नि सांजच्याला त्याच्यावर पानी मारायचं? सुकंल काय रं तो?"

मी इतका ओशाळलो की खाणंच सोडलं. चहावर चालायचो. चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिच्यासमोरच मी रस्त्यात बसलो.

"मेल्या, सुकव म्हनलं, जाळ नाय म्हनलं! लय सुकला का चुरा व्हतो. चुरा कोन घेल?" तिने फडक्यातली तांदळाची भाकरी काढून अर्धी माझ्या हातात दिली. शेवटचा घास गिळेपर्यंत नजर हलवली नाही. तोंड उघडायला लावून तेही तपासलं.

पुढे रोज दोन वेळा पोटाला पुरेल इतकी भाकरी, बिनतळलेल्या मासळीचं कालवण, चालणं, आणि वाटेत बोटांची झडती. पट्टा दोन भोकं आत गेला. सही झाली. तो कागद मावशीला दाखवला, तर उलटा धरून म्हणाली, "खरी हाय ना रं?"

पाच वर्षांनी पालघरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो. डोळे पुसून तिने सवयीने माझा हात हुंगला.

"साबन? हात धुऊन आलास? मंजे दोन प्लेटी!"

दोनच होत्या.

आता पोट पुन्हा आलंय. बायकोला वासावरून काही कळत नाही. तरी भजी खाल्ली की मी हात धुत नाही. बोटं तशीच ठेवून थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभा राहतो.