कोऱ्या कागदावर अंगठा

स्टँप पॅडच्या शाईचा वास आला की अंबाडीकडच्या आमच्या गावातली ती दुपार आठवते. नव्या गोदामाचं काळं पाणी विहिरीत उतरत होतं, त्याविरुद्ध अर्ज करायचा होता. मी कॉलेजात शिकत होतो. गावच्या एका पुढाऱ्याने माझ्या हातात कोरे कागद दिले, "आधी सह्या-अंगठे घेऊन ये, मजकूर मागाहून टाकू." आमच्याकडे अर्ज असेच व्हायचे. विहिरीजवळच्या घरातली म्हातारी काकी ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने कागद उलटापालटा करून पाहिला. "कोऱ्यावर अंगठा न्हाय देनार. तुला कोनी पाठवलं?" मी चिडून तिथेच चार ओळी खरडल्या आणि वाचल्या, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' काकीने डोळे बारीक केले. "यात माझी विहीर कुठं हाय? पानी वास मारतं, ते लिव." मी लिहिलं. तरी तिने शेजारच्या मुलीकडून ते पुन्हा वाचून घेतलं. मग अंगठा उमटवला, माझं पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीपासून अंगठ्यापर्यंत एक जाड रेघ ओढली. "आता मधी काय घुसवायचं न्हाय." आज मी लोकांचे अर्ज, अहवाल लिहितो आणि खाली जागा उरली की तशीच रेघ मारतो. पण काकीच्या आधी बावीस घरांनी मला कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या होत्या. ते कागद मी त्या पुढाऱ्याला नेऊन दिले. त्यांवर पुढे काय लिहिलं गेलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.