मांगे मानूस शे

नाना बोलायला लागले की गल्लीतल्या कोंबड्या बाजूला व्हायच्या. धुळ्याच्या एसटी स्टँडवर आयुष्यभर माईकवरून गाड्या पुकारलेला हा माणूस निवृत्त होऊन पाचोऱ्यात आमच्या शेजारी राहायला आला आणि आवाजही सोबत घेऊन आला. चहा मागतानासुद्धा आधी "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणायचे. नानी वैतागून म्हणायच्या, "हाऊ मानूस झोपमा बी गाड्या सोडस."

त्या काळी आमच्या टीव्हीवर चित्रं कमी, मुंग्याच जास्त. नानांनी गच्चीवर उंच पाइप उभा करून अँटेना चढवली आणि तिची वायर एका घरातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी गल्लीच्या टोकापर्यंत नेली. प्रत्येक घरात एक बूस्टर. तो चित्राला जोर देऊन पुढच्या घरी धाडायचा. पण एखाद्याने मेन स्विच पाडला की त्याच्या मागची सगळी घरं आंधळी. आणि कुलूप लावण्याआधी मेन स्विच पाडणं हा तर आमच्याकडे देवाला हात जोडण्याइतका पक्का नेम. नाना खिडकीतून गरजायचे, "स्विच पाडू नका, मांगे मानूस शे."

शेवटचं घर शिवणकाम करणाऱ्या हमीदाखालाचं. एका हिवाळ्यात ती पाय मोडून पलंगाला खिळली आणि नेमकी तेव्हाच तिची नसरीन एनसीसीतून दिल्लीला, सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी निवडली गेली. पाचोऱ्याची पोरगी राजपथावर! आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. पण त्या सकाळी अर्धी गल्ली कुलूप लावून झेंडावंदनाला जाणार. खालाच्या टीव्हीवर लेकीऐवजी मुंग्याच संचलन करणार.

"सगळ्यांना सांगून ठेवू, स्विच पाडू नका म्हणून," मी म्हटलं.

"खिडकीतून चढू नका, हे मी लोकांना जन्मभर सांगितलं," नाना म्हणाले. "ऐकलं कोणी?"

मग ते दारोदार फिरून विचारू लागले, "सकाळे तुम्ही कव्हय उतरशात?" उद्या घरातून कधी उतरणार म्हणजे काय, हे कुणालाच कळेना. नानांचा हिशेब मात्र सरळ होता. एसटीत जवळच्या नगरदेवळ्याला उतरणारा दाराशी बसवायचा, लांबचा आत. त्यांनी सगळी वायर उसवली. घरी थांबणाऱ्यांची घरं एकामागोमाग जोडत वायर थेट खालापर्यंत नेली आणि बाहेर जाणाऱ्यांची घरं कडेला लटकवली. ती बंद पडली तरी मागे कुणाचं अडणार नव्हतं. शिवाय खालाच्या खिडकीत दुसऱ्या बाजूने आणखी एक वायर आणून ठेवली. "ही बदली गाडी," ते मला म्हणाले. "पहिली फेल झाली की हिच्यात बसवायचं."

सव्वीसला खालाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चित्र कसं लखलखीत! घोडदळ गेलं, बँड आला आणि अचानक मुंग्या. घरीच थांबणार असलेल्या पाटीलकाकूंना बहिणीकडून तातडीचं बोलावणं आलं होतं. निघताना हात सवयीने स्विचकडे गेला. खालाचा चेहरा मला बघवेना. मी पहिली वायर उपटली, दुसरी खोचली. मुंग्या पांगल्या आणि मुलींची तुकडी समोर.

"वो तीसरी, अपनी नसरीन," खाला म्हणाली. टोप्यांखाली सगळ्या सारख्याच दिसत होत्या, पण आम्हा सगळ्यांना तिसरीच नसरीन दिसली. खालाने पडल्या पडल्या सलाम ठोकला.

"दिसनी का?" गच्चीवरून आवाज आला. वाऱ्याने अँटेना फिरू नये म्हणून नाना सकाळपासून पाइप धरून उभे होते. त्यांनी स्वतः संचलन पाहिलंच नाही.

"दिसनी, नाना," अख्खी खोली ओरडली.

"पाचोरा–दिल्ली गाडी पोहोचलेली आहे," नानांनी पुकारलं. दोनदा.

पुढे केबल आली, बूस्टर माळ्यावर गेले. नाना गेले त्या दिवशी घरोघरी कुलपं होती. पुरुष स्मशानात, बायका नानींजवळ. संध्याकाळी पाटीलकाकूंनी कुलूप काढलं. आत पंखा फिरत होता, मेन स्विच वरच होता. मी घरी येऊन पाहिलं. आमचाही वरच होता.