तेलाची किटली

मुलगी गेली. भेटायला येणारे पांगले आणि घरात आम्ही दोघंच उरलो. तापाचं दुखणं होतं, नऊ वर्षांची होती, एकुलती एक.

हे कचेरीत गेले की मला घरात बसवत नसे. काम नव्हतं असं नाही. घासलेली भांडी मी पुन्हा घासत होते. एक दिवस ती तशीच ठेवून चपला घातल्या आणि निघाले. बेगमपुऱ्यातून मकबऱ्याच्या भिंतीकडेनं डोंगराच्या पायथ्याला, तिथून हर्सूलच्या वाटेनं जाववेल तिथवर. वाटेत दगड फार, काटे फार. ते बघून पाऊल टाकावं लागे, तेवढा वेळ डोकं गप्प राही. परतल्यावर भूक लागे, रात्री डोळा लागे. मग रोजच जाऊ लागले.

यांना सांगितलं तेव्हा खिशातलं साखळीचं घड्याळ काढून म्हणाले, "हे नेत जा. दिवस बुडायच्या आत ये."

"नको," म्हटलं. तिच्या दुखण्यात त्याच घड्याळावर वेळ बघून औषध पाजलं होतं. काटा दिसला की हात चमच्याकडं जाई. वेळ मला उन्हावरून कळते.

अडचण दुसरीच होती. आमच्यात बाई रिकामी हिंडत नसे. पाण्याला जावं, देवाला जावं, बाळंतिणीला बघायला जावं. नुसती चालणारी बाई म्हणजे घरात भांडून निघालेली, नाही तर डोकं फिरलेली. जिचं मूल गेलं तिचं तर डोकंच फिरलंय असं लोक धरून चालत. हर्सूलच्या अंगाला तेल्याचा घाणा होता, म्हणून मी हातात तेलाची किटली धरी.

"तेलाला निघाल्या?"

"व्हय."

पुढं कुणी विचारत नसे.

गल्लीच्या तोंडाशी हिमरूचं रेशमी कापड विणणाऱ्या एका हिमरूवाल्याचं घर होतं. त्याची बायको दारात रेशीम उकलत बसे. माझ्याहून मोठी, तोंडानं फटकळ. एक दिवस तिनं हटकलं, "भाभी, रोज के रोज तेल? तुमारे घर में तेल पीते क्या? उससे तो आंगन में घाणा बिठा लेव!"

आजूबाजूच्या बाया हसल्या. मीही हसले. पण परत येताना किटली पदराखाली धरली. तिला दिसलं ते सगळ्यांना दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्यानंतरही नाही. मुलीचं एक परकर-पोलकं पेटीत होतं. ते काढायचं, घडी घालायची, ठेवायचं, पुन्हा काढायचं. एका संध्याकाळी हे आले तेव्हा चुलीवर भाकर जळत होती आणि मी शेजारी बसून ती बघत होते. यांनी तवा उतरवला. कोनाड्यातली किटली घेतली आणि कानाशी धरून हलवली.

"रिकामी वाजते," म्हणाले. "जाताना हलकी, येताना हलकी. कुणालाही कळंल."

मग तेलाची बरणी ओढली आणि किटली अर्धी भरली.

"भरलेली किटली घेऊन तेलाला कोण जातं?" मी म्हटलं.

"कुणी विचारलं तर सांग, तेल खवट निघालं, बदलायला चालले."

"रोज खवट निघतं?"

"म्हणतील, बाई भांडखोर हाय. येडी म्हणण्यापेक्षा बरं."

मुलगी गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी हसले असेन. म्हटलं, "अहो, तुम्हीपण चला ना. पुरुषाला कोण विचारतंय?"

ते बरणीच्या तोंडाला फडकं बांधत होते. गाठ नीट बसेना. सोडून परत बांधली. "दोघं गेलो तर घरच बाहेर नेल्यासारखं होईल," म्हणाले. "मग तू घराबाहेर पडलीस कुठं? तू जा."

दुसऱ्या दिवशी गेले. हिमरूवालीनं विचारलं, मी खवट तेलाचं सांगितलं. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. जड किटली धरलेली बोटं लपत नाहीत. "हौ, तेलीच वैसा है," म्हणाली आणि रेशमाकडं वळली.

घाण्यावर मी एकदाही गेले नाही. परतले तेव्हा हे दारात उभे होते. माझ्या हातातून किटली घेतली, आत जाऊन तेल परत बरणीत ओतलं, थेंब न सांडता, आणि उद्यासाठी किटली कोनाड्यात पालथी ठेवली. पुढं कितीतरी दिवस आमच्या घरात तेच तेल डोंगरापर्यंत जाऊन येत होतं. हे मात्र कधी कुठं गेले नाहीत. कचेरी आणि घर.