आवाज वळखीचा

हर्सूलच्या रस्त्याला कुत्र्यांचे केस कापणारा एक माणूस बसायचा. आधी वैजापूरकडं मेंढरं कातरायचा. दुकानात मशीन होती, पण कानांजवळ तो जुनी कातरच चालवायचा आणि चालवताना सारखा पुटपुटायचा.

आमच्या कुत्र्याचे केस त्यानं उन्हाळ्यात बारीक केले. घरी येताच कुत्रं थरथरत पलंगाखाली शिरलं. दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तणतणत दुकानात गेलो. “काय केलंत त्याला?”

त्यानं कातर पुसून खाली ठेवली. “काय बी नाय केलं, साहेब. मेंढी कातरली की तिचं कोकरू बी तिला वळखत नाय. वास घेतं अन् पळतं. ह्याला तर सोताचंच आंग वळखू येईना. घरात बोलता का त्याच्याशी?”

“छे! घाबरू नये म्हणून सगळे गप्प आहोत.”

“तिथंच चुकलं. आवाज तेवढा वळखीचा ऱ्हातो. कोकरू आवाजावरच येतं.”

संध्याकाळी पलंगाशेजारी बसून मी मोठ्यानं पेपर वाचला. कांद्याच्या भावापर्यंत आलो, तेव्हा पलंगाखालून नाक बाहेर आलं.

वडील गेले तेव्हा मी मुंडण करून घरी आलो होतो. दोन वर्षांची मुलगी मला बघून किंचाळली आणि आईमागं लपली. तेरा दिवस ती माझ्याजवळ आली नाही.

ते तेरा दिवस मी घरात अवाक्षर बोललो नव्हतो.